चार बोटं वर

फुटलेलं ऑइल पॅन बुरुलाईनं टेबलावर ठेवलं,
जेवणाच्या, पावाच्या शेजारी.
बोलली काही नाही. बूट काढले,
गार पाण्यात पाय सोडून बसली.

गाडी गोल्फ, एक्क्याण्णवची.
जर्मनीत कुणा आजीबाईनं बाजारहाटाला वापरलेली.
मागच्या काचेवर अजून तिथल्या बेकरीचा स्टिकर.
जन्मभर डांबरावर वाढलेली ती.
इथे आत-बाशीच्या वर डांबर संपतं,
आणि पुढचा रस्ता नुसता म्हणायला रस्ता.

उचलू या, मी म्हटलं.
सतारकुल काका म्हणाला,
"शेळीला घोड्याचे पाय लावतोयस.
पळेल की लंगडेल?"

झूमार्तच्या लेथवर, बंद पडलेल्या हार्वेस्टरच्या दांड्यातून
चार चकत्या कातल्या.
तिसरी वाकडी गेली, पुन्हा कातली.
भंगारातल्या पसाटची पंधरा इंची चाकं आणली,
ती कमानीत मावेनात, मग ग्राइंडर.
पत्र्याची कड हातोड्यानं आत वळवताना
कुणाचा तरी कान पिळतोय असं वाटत राहिलं.
दोन बोटं चकत्यांची, दोन टायरांची.
हिशेब काकाच्या बोटांनी, म्हणजे जरा सैलच.

शेवटी काकानं चहाची किटली आणली,
झाकणासकट उभी, गाडीच्या पोटाखालून सरकवली.
गेली.
टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. चहा प्यायलो.

पहिल्या रात्री दिवे लावले तर
रस्ता काळोखात, आणि समोरच्या टेकडीवरच्या मेंढ्या लख्ख.
स्क्रू पिळून त्यांची मान खाली घातली.
अॅक्सल आता तिरका चालतो, त्याचं रबर वर्षाच्या आत फाटेल,
हे मी तिला सांगितलं नाही.
दोन नवी रबरं आणून डिकीत, कांबळ्याखाली ठेवली.

आणि एक गोष्ट सांगितली.
गाडी चार बोटं वर उचलली,
तेव्हापासून तिचा काटा खोटं बोलतो.
चाक मोठं, फेरे कमी.
तो चाळीस म्हणेल तेव्हा तू चव्वेचाळीसवर असशील.
"म्हणजे मी लवकर पोचेन?"
नाही, मी म्हटलं. म्हणजे तुला कळणार नाही.

जूनमध्ये वरच्या कुरणातून निरोप आला. मी सोबत गेलो.
तो दगड तिथेच होता,
झोपलेल्या म्हशीसारखा, चाकोरीच्या मधोमध.
तिनं पहिला गिअर टाकला. दोघांनीही श्वास धरला.
खालून काहीच आवाज आला नाही,
एका गवताच्या काडीचासुद्धा.

दगड मागे पडल्यावर तिनं गाडी थांबवली.
"गेल्या साली इथून चालत गेले.
अकरा किलोमीटर.
पोचले, तेव्हा तंबूबाहेर बायांनी विलाप धरला होता.
आतलं बाळ मात्र भुकेनं ओरडत होतं.
मला आधी तेच ऐकू आलं."
इतकंच. मग दुसरा गिअर.

या खेपेला बाई होती.
चिडलेली, घामानं भिजलेली, आम्हाला शिव्या देणारी,
पण होती.
मी बाहेर, चाकाला टेकून बसलो.
नव्या टायरांना मेंढ्यांचा वास लागला होता.

दवाखान्याच्या वहीत बुरुलाई काट्याप्रमाणेच लिहिते:
जाऊन-येऊन ऐंशी.
पेट्रोलही ऐंशीचंच मिळतं.
मी म्हणतो, दहाला एक वाढवून लिही, तेच खरं आहे.
ती पेन खाली ठेवते.
"वरचे आठ राहू देत," म्हणते,
"ते अकरा फेडतेय."
आणि अंगणात जाऊन
काकाची किटली घासायला घेते,
जिच्या बुडाला अजून ग्रीस आहे.